शेतकरी धरतो, खलाशी टाकतो

४ जून

चि. ढब्बू,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात मोजून पाठवत नाही.

बातमी अशी की तुझी बहीण आता छापून येणार आहे. आपल्या साप्ताहिकात शब्दकोडं करणारे म्हातारे मास्तर डोळ्यांनी थकले. अकरा वर्षं दर आठवड्याला सगळी उत्तरं बरोबर पाठवणारी मी एकटीच, म्हणून संपादकांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "बाई, सोडवलंत पुष्कळ, आता आम्हाला अडकवा." मी हुरळून हो म्हणून बसले. आता कळतंय की दुसऱ्याच्या स्वयंपाकाला नावं ठेवणं सोपं असतं, स्वतः चुलीपुढे बसलं की मीठ कुठे ठेवलंय तेही आठवत नाही.

माझं घोडं अडलं ते आडव्या सातवर. तीन घरं, आणि शब्द नांगर. त्याच्या पहिल्या अक्षरावरून खाली 'नांदी' जाते, म्हणून तो बदलताही येईना. 'जमीन उकरायचं अवजार' अशी सूचना दिली तर पहिलीतलं पोरही सोडवेल. 'गाढवाचा घरावरून फिरवतात' असं दिलं, तर संपादक म्हणाले, पहिल्याच कोड्यात कुणाच्या घरावर गाढव नको. मग तुझी आठवण झाली. बोटीलाही नांगरच असतो की. मी लिहिलं, 'शेतकरी धरतो, खलाशी टाकतो.' तीन घरांत आपण दोघं बहीणभाऊ बसलो, याचा मला फार आनंद झाला.

आता कामाचं. कालव्यापलीकडचा नर्सरीवाला आपलं चार एकर रान तीस वर्षांच्या कराराने मागतो आहे. त्याला तिथे फुलांची काचघरं उभारायची आहेत. एकदा ती उभी राहिली की आपल्या हयातीत तिथे पुन्हा कांदा-बटाटा होणे नाही. आबा गेले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि मी एकोणीस. "रान पोराला राख," एवढंच ते म्हणाले होते. मी राखलं. तुला परत येऊन ते करायचं असेल तर तसं सांग, मी त्याला नाही म्हणते. नसेल तर सही करते. त्याला सप्टेंबरअखेर उत्तर हवं आहे.

तुला पत्र लिहायचं म्हणजे दात काढून घेतल्यासारखं होतं, हे मला ठाऊक आहे. मोठं नको लिहूस. एक ओळ पुरे, पण लिही.

माझी तब्येत उत्तम.

ताई


२१ जुलै

ती. ताई,

नमस्कार. साष्टांग घालायला इंजिनखोलीत जागा नाही. आडवा झालो तर डोकं पंपाला लागतं.

तुझं पत्र दीड महिन्याने हाती आलं. सोबतचा कोड्याचा कच्चा कागद भिंतीला चिकटवून आम्ही तिघा मिस्त्रींनी मिळून कोडं सोडवलं. उभ्या सातला आमच्या इंजिनाच्या तेलवाल्याने 'नांदी' ऐवजी 'नांगी' भरलं होतं, म्हणे सुरुवातीलाच डंख. तो तसलाच आहे.

आडवं सात मी एका दमात भरलं, उत्तर तूच फोडलं होतंस. पण ताई, टाकणं ही काही मोठी गोष्ट नाही. साखळी सोडली की तो आपोआप जातो खाली. खरी गंमत त्याने धरण्यात आहे. तळाला चिखल असला तर नांगर धरतो. नुसता खडक असला तर बोट त्याला कुत्र्यासारखी ओढत नेते. आणि धरला की नाही हे वरून दिसत नाही, बराच वेळ उभं राहून पाहावं लागतं.

उत्तर एका ओळीत मागितलंस ते बरं केलंस. मी नांगर टाकायचं ठरवलं आहे. ही गोष्ट बरेच दिवस मनात होती, तुला कसं सांगावं ते समजत नव्हतं. सव्वीस वर्षं झाली, आता पुरे. तुझ्याच शब्दात सांगायला मिळालं, सुटलो. नर्सरीवाल्याला काय सांगायचं ते तूच सांग, त्यातलं मला कळत नाही.

तू रागावणार नाहीस ना?

ढब्बू


९ ऑगस्ट

चि. ढब्बू,

तुझं पत्र मी पाच वेळा वाचलं. पाचही वेळा वेगळं वाटलं.

नांगर टाकायचं ठरवलंय म्हणजे काय? शेतकऱ्याने नांगर टाकला म्हणजे शेती सोडली. तसं असेल तर तू येणार नाहीस आणि मी सही करायची. खलाशाने नांगर टाकला म्हणजे तो थांबला. तसं असेल तर तू बोट सोडून घरी येणार आणि मी सही करायची नाही. एका ओळीतून हो पण निघतं आणि नाही पण. 'सव्वीस वर्षं झाली, आता पुरे' वाचलं की वाटतं, पाण्यातला. 'तू रागावणार नाहीस ना' वाचलं की वाटतं, रानातला. घरी येणाऱ्या भावावर मी कशाला रागावेन? डोक्याचं भजं झालंय माझ्या.

शेवटी संपादकांना दाखवलं. ते चष्मा वर करून म्हणाले, "उत्तरं खाली उलटी छापायची पद्धत असते. भावाला तेवढं कळवा."

कोडं छापून आलं. चौदा पत्रं आली. आडव्या सातचं उत्तर बहुतेकांचं बरोबर. फक्त निवृत्त पोस्टमास्तरांनी तिथे 'बायको' भरून पाठवलंय. शेतकरी धरतो, खलाशी टाकतो! घरं बरोबर तीन. उभ्या शब्दाशी जुळत नाही, तर त्यांनी खालच्या 'नांदी'ची 'बांदी' केली, तिचा अनुस्वारही गाळला आणि वर मलाच पत्रातून शुद्धलेखन शिकवलं. हसून हसून पुरेवाट झाली. त्यांना म्हटलं, आमच्या ढब्बूला बायकोच नाही, तो टाकणार कुठली?

अजून एक. गेल्या काही पत्रांवर शिक्का एकाच बंदराचा आहे. तुमची बोट हलते, की एका जागी उभी राहून गंजते?

सरळ लिही. पाण्यातला की रानातला?

ताई


२६ ऑगस्ट

ती. ताई,

पाण्यातलाच. लोखंडी, साखळीचा. आमच्याकडे दुसरा नसतो.

मी बोट सोडतो आहे. ऑक्टोबरच्या बारा तारखेला कागदावर सही करून उतरतो, मग पुन्हा चढायचं नाही. उतरल्यावर आधी घर नीट लावायचं आहे. दमट हवेने खिडक्या फुगल्यात, त्या तासून रंगवायच्या. मोरीचा नळ गळतो तो बदलायचा. सव्वीस वर्षं बोटीचे नळ बदलले, एकदा तरी घराचा बदलू दे.

बोट तीन वर्षं याच बंदरातून ये-जा करते. मीच ती मागून घेतली.

पोस्टमास्तरांचं उत्तर मला आवडलं नाही. खलाशी बायको टाकतात ही जमिनीवरच्या लोकांनी उठवलेली आवई आहे. आमचा स्वयंपाकी दर बंदरात बायकोसाठी बटणं घेतो, कारण ती शिवणकाम करते. पोतंभर बटणं झाली असतील. त्यांना तसं कळव. वाटलं तर छाप.

अजून एक गोष्ट सांगायची आहे. ती जरा मोठी आहे. पण टपाल नेणारा माणूस शिडीवर उभा राहून माझ्या नावाने ओरडतो आहे, तेव्हा पुढच्या पत्रात.

ढब्बू


१४ सप्टेंबर

चि. ढब्बू,

कळलं. एकदाचं कळलं. पाण्यातला, आणि तू घरी येतोस.

पत्र हातात घेऊनच मी नर्सरीवाल्याकडे गेले आणि त्याला नाही म्हणून आले. त्याने वाद घातला नाही. रस्त्यापलीकडच्या विधुराचं रान त्याने दुसऱ्याच दिवशी घेतलं, खांब येऊनही पडले. आपल्या खिडक्या फुगल्यात हे तुला इतक्या लांबून कसं कळलं, याचं नवल वाटलं. मग म्हटलं, बालपण गेलं त्या घरात, आठवणारच. सुताराला बोलावून तीन खिडक्या तासून घेतल्या. रंग मात्र तुझ्यासाठी ठेवलाय. गळका नळ मला सापडला नाही, तो तू आल्यावर दाखव.

अक्षर वाकडं आलंय. गेल्या वर्षी कांद्याच्या गोण्या उचलताना उजवा खांदा आखडला, तो अजून सुटला नाही. हात डोक्याच्या वर जात नाही. आधी सांगितलं नाही, म्हटलं लांबच्या माणसाच्या जिवाला घोर कशाला. आता तू येतोच आहेस, तेव्हा सांगते. या पेऱ्याला मी नुसती बांधावर उभी राहून हुकूम सोडणार.

संपादकांनी परवा मला शहरातल्या कचेरीत जागा देऊ केली. कोडी, मुद्रितं तपासणं, मुलांचं पान. खिडकीपाशी टेबल आहे, समोर झाड आहे. मी जाऊन त्या खुर्चीवर जरा बसूनही पाहिलं. मग नाही म्हटलं. माझा भाऊ इतक्या वर्षांनी घरी येतोय, त्याला रिकामं घर कसं दाखवू?

मला खूप आनंद झालाय. तसं मी कालपासून तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. मन तरी जागेवर नाही, ते का ते कळत नाही. मोठी गोष्ट काय आहे ती समोरासमोरच सांग.

ताई


३ नोव्हेंबर

चि. ढब्बू,

बारा ऑक्टोबर जाऊन तीन आठवडे झाले. एका दिवसाचा प्रवास आहे. मी दोनदा स्टेशनवर जाऊन आले.

तुमच्या बोटीच्या कंपनीची कचेरी इथल्या शहरात आहे, तिथे जाऊन विचारलं. ते म्हणाले, बारालाच उतरला, तब्येत ठणठणीत होती, सगळ्यांशी हात मिळवून गेला. कुठे गेला हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं तेव्हा तिथला कारकून माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहत होता. तू आजारी आहेस का? काही भानगड आहे का? रानात अजून पेरा नाही. तुला विचारून करू म्हणून थांबले, आणि माणसं आता दुसऱ्यांकडे कामाला गेली.

हे पत्र कचेरीतूनच पुढे पाठवायला सांगते आहे. काहीही असेल तरी लिही. आता कोड्यात नको.

ताई


१२ नोव्हेंबर

ती. ताई,

मी धडधाकट आहे. आधी ते लिहितो.

तुझं पत्र फिरून इथे आलं. ते माझ्या बायकोने आधी वाचलं. वाचून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "आत्ता बसून लिहा. नाहीतर मी लिहिते." ती समोर बसून ताडपत्री शिवते आहे, म्हणून हे पत्र पुरं होईल. याआधी आठ वेळा सुरू केलं होतं.

हो, बायको. तीन वर्षं झाली. धक्क्याच्या मागच्या गल्लीत तिचं ताडपत्र्या आणि शिडं शिवायचं दुकान आहे. पहिला नवरा गेलेला, एक मुलगी आहे अकरा वर्षांची. बटणं घेणारा तो स्वयंपाकी नव्हे, मी. खिडक्या इथल्या, नळही इथलाच. मी नांगर टाकला हे खरंच लिहिलं होतं. कुठे टाकला ते लिहायची हिंमत झाली नाही. तू कोडी करणारी, शिक्के पाहणारी, तुला आपोआप कळेल आणि मला सांगावं लागणार नाही, असं वाटलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतेस ना तू, तेच.

मग तुझं सप्टेंबरचं पत्र आलं. नर्सरीवाल्याला नाही म्हटलंस, खुर्चीला नाही म्हटलंस. खरं सांगितलं तर तू मोडशील, नाही सांगितलं तर वाट पाहशील. काय करावं हे न कळून मी काहीच केलं नाही. एवढा मोठा बाप्या असून.

रान मला कधीच नको होतं, ताई. सोळाव्या वर्षी पळालो तो त्याच्यापासूनच. पण ते तुझा जीव की प्राण, म्हणून तसं तोंडातून काढलं नाही. नको म्हटलं असतं तर तुझ्या सगळ्या आयुष्यालाच नको म्हटल्यासारखं झालं असतं. तू आई होऊन मला वाढवलंस आणि मी तुला लग्नाचंसुद्धा कळवलं नाही. याची मला लाज वाटते.

काय शिक्षा करायची ती कर. बोलणं सोडू नकोस.

ढब्बू


२ डिसेंबर

चि. ढब्बू,

पहिल्या दिवशी मी तुझं पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून कामं केली. दुसऱ्या दिवशी तुला अशा शिव्या घातल्या की टपालखात्याने त्या स्वीकारल्या नसत्या. तिसऱ्या दिवशी रडले. चौथ्या दिवशी कोडं द्यायचं होतं, म्हणून कोडं केलं.

रागाचं कारण तुला वाटतं ते नाही. तू येत नाहीस याचा राग नाही. तीन वर्षं मला एक भावजय होती आणि मला ती माहीत नव्हती, याचा राग आहे. इथे पोस्टमास्तरांच्या विनोदाला मी दात काढत होते, आणि तिथे माझ्या घरची लक्ष्मी ताडपत्री शिवत होती. तिने ते ऐकलं असेल तर तिला काय वाटलं असेल? आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दुसऱ्यांना अडकवायला निघालेल्या मला एक शिक्का वाचता आला नाही. 'खिडक्या' म्हटलं की माझ्याच खिडक्या, 'घर' म्हटलं की माझंच घर. मला हवं ते मी घरांत भरत गेले, अगदी त्या पोस्टमास्तरांसारखी.

पण आता मीही एक सांगते, कारण लपवायची पाळी आता संपली. तू येणार नाहीस हे वाचल्यावर, रडण्याच्याही आधी, माझी छाती मोकळी झाली. आधी मला वाटलं, धक्क्याने तसं होत असेल. मग कळलं की सप्टेंबरात मन जागेवर का नव्हतं. तू आलास की आणखी वीस वर्षं बांधावर उभं राहायचं, याची मला धास्ती बसली होती. रान माझा जीव की प्राण कधी नव्हतं रे. मला मातीचा वासही फारसा आवडत नाही, कांद्याने तर अजून शिंका येतात. पोरगा मोठा होईपर्यंत सांभाळायचं, एवढाच आबांशी बोल होता. तू मोठा झालास हे मला कुणी कळवलंच नाही.

आता हिशोबाला बसले तर सगळं हातचं गेलेलं. नर्सरीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, त्याचं भागलं. कचेरीत गेले, तर त्या खुर्चीवर एक चुणचुणीत मुलगी बसली आहे. ऱ्हस्व-दीर्घ येत नाही तिला, पण बिचारीचा स्वभाव चांगला आहे. संपादकांनी मला चहा पाजला आणि कोडी चालू ठेवा म्हणाले. तेव्हा कुणालाच नको असलेलं चार एकर रान आणि तीन तासलेल्या, न रंगवलेल्या खिडक्या, एवढं माझ्याजवळ उरलं. तुझ्यावर ढकलत नाही. तू एका ओळीत लपलास, हे खरं. पण तेहतीस वर्षांत मी तरी तुला कुठे एकदा विचारलं की तुला हे हवंय का? आणि स्वतःला तर नाहीच नाही.

रान यंदा पडीक ठेवते. शेजारीपाजारी कुजबुजतील, कुजबुजू देत. पुढच्या वर्षी कुणी मागितलं तर देईन, तीस नव्हे, साठ वर्षांच्या कराराने.

आता नीट वाच. पुन्हा घोळ नको म्हणून मी अगदी सरळ लिहिते, शब्दांचे दोन अर्थ होऊ देत नाही. जानेवारीच्या दहा तारखेला, सकाळच्या गाडीने, मी येते आहे. मी म्हणजे मी, तुझी बहीण. येते म्हणजे तुझ्या दारात येते, बोटीवर नाही आणि पत्रातही नाही. विचारत नाही, कळवते आहे. तुला चालतं की नाही याचं उत्तर पाठवू नकोस, मला ते समजणार नाही.

भावजयीला नमस्कार सांग. मी तिच्याशी भांडायला येत नाही, भांडण तुझ्याशी आहे आणि ते तिच्यासमोरच करणार आहे. राहीन किती दिवस ते तिने ठरवावं.

आणि त्या मुलीला सांग की तिची आत्या येते आहे.

ताई